विठू शिंपी, देवाप्पाची म्हैस आणि आमची लग्नपत्रिका: गेल्या चार महिन्यांत वाचलेली पाच पुस्तकं

(या भागात जे बोलले, ते इथे जवळजवळ तसंच उतरवून दिलंय. "अं", "म्हणजे" आणि मागे वाजणारी कुकरची शिट्टी तेवढी काढलीय.)

  

आज पुस्तकांवर बोलायचंय. पाच पुस्तकं. दोन कादंबऱ्या, एक आत्मकथन, एक विज्ञान कादंबरी आणि एक चरित्र. तुमच्यातल्या बऱ्याच जणांचा मेसेज असतो, "ताई, एकाच प्रकारचं नको, मिक्स सांग." तर घ्या मिक्स. पण वाचून झाल्यावर माझ्या लक्षात आलं की ही पाचही पुस्तकं मी एकाच कारणासाठी उचलली होती. आधी ते कारण सांगते, म्हणजे माझी मतं अशी का आहेत ते कळेल.

आमच्या बाबांचं तालुक्याच्या गावी, एसटी स्टँडसमोर डीटीपीचं दुकान होतं. झेरॉक्स, बायोडेटा, पावतीपुस्तकं. पण खरा धंदा लग्नपत्रिकांचा. मार्च ते मे आम्हाला बाबा जेवणापुरतेच दिसायचे. पत्रिका करणं म्हणजे नुसतं टायपिंग नव्हतं. निमंत्रकांत कोणत्या काकांचं नाव आधी, रुसून बसलेल्या आत्याच्या यजमानांचं नाव कुठे, वारलेल्या आजोबांच्या नावामागे काय लिहायचं, हे सगळं बाबांना विचारलं जायचं. लोक भांडत यायचे आणि चहा पिऊन जायचे.

यंदा माझ्या मावसभावाचं लग्न ठरलं. मावशी म्हणाली, "अगं, तू कर ना मोबाईलवर, तुला येतं." मी एका ॲपमध्ये तयार नमुना घेतला, नावं भरली, मागे सनई लावली. पंचवीस मिनिटांत पत्रिका तयार. फॅमिली ग्रुपवर टाकली, धडाधड अंगठे आले. बाबांनीही अंगठा टाकला. बाकी काहीच बोलले नाहीत.

तो अंगठा माझ्या डोक्यातून जाईना. दुकान तर आधीच दोन वर्षांपूर्वी बंद झालं होतं. पण शेवटची पत्रिका मीच काढून घेतली, असं वाटायला लागलं. म्हणून मग ही पुस्तकं. हातातलं काम गेलं की माणसाचं काय होतं, हे मला वाचायचं होतं.

एक: 'उसवण'

देवीदास सौदागर यांची कादंबरी. २०२४ चा साहित्य अकादमीचा युवा पुरस्कार या पुस्तकाला मिळाला, तेव्हा बातम्यांमध्ये तुम्ही नाव ऐकलं असेल. लेखक तुळजापूरचे, आणि स्वतः शिवणकाम केलेला माणूस. गोष्ट विठू नावाच्या शिंप्याची. रेडिमेड कपडे आले, आणि अंगाचं माप देऊन कपडे शिवून घेणारी गिऱ्हाइकं एकेक करून कमी होत गेली. बस्स, एवढीच गोष्ट.

हे पुस्तक छोटं आहे. रविवारी सकाळी घ्या, संध्याकाळी संपतं. भाषा साधी, कुठेही अडत नाही. ज्यांनी दहावीनंतर मराठी पुस्तक हातात घेतलेलं नाही, त्यांनी इथून सुरुवात करा असं मी बिनधास्त सांगेन.

मला काय आवडलं? यात कुणी खलनायक नाही. रेडिमेडची पँट घेणारा माणूस वाईट नसतो, त्याला स्वस्त आणि लगेच हवी असते. मी पण तशीच घेते. तुम्ही पण. तरी विठूचं मशीन थांबतं. 'उसवण' म्हणजे घातलेले टाके निघत जाणं. कापड एकदम टर्रकन फाटलं तर सगळे वळून बघतात, उसवताना कुणाच्या लक्षातही येत नाही. बाबांचं दुकान असंच गेलं. एका दिवसात नाही. आधी बायोडेटा गेले, मग पावतीपुस्तकं, मग पत्रिका.

काय कमी वाटलं? विठूच्या आजूबाजूची माणसं मला अजून हवी होती. शंभर-सव्वाशे पानांत सगळं उरकायचं म्हटल्यावर काही जण येतात आणि निघून जातात. अजून पन्नास पानं चालली असती. पण "अजून हवं होतं" ही तक्रार लेखकाला ऐकायला वाईट नाही, नाही का?

दोन: 'रिंगाण'

कृष्णात खोत यांची कादंबरी. हिला २०२३ चा साहित्य अकादमी पुरस्कार आहे. खोतांनी याआधी 'गावठाण', 'रौंदाळा', 'झडझिंबड', 'धूळमाती' अशा कादंबऱ्या लिहिल्यात. पन्हाळ्याच्या बाजूचा मुलूख आणि तिथली बोली त्यांच्या लेखणीत मुरलेली आहे.

गोष्ट अशी. धरणासाठी गाव उठलं. माणसं दुसरीकडे नेऊन वसवली. पण जनावरं? काही मागेच राहिली. देवाप्पा नावाचा माणूस आपली मागे राहिलेली म्हैस आणायला जुन्या जागी परत जातो. आणि बघतो तर म्हैस आता गोठ्यातली राहिलेली नाही. रानात राहून रानटी झालीय. ती त्याला ओळख देत नाही. पुढे सगळं पुस्तक म्हणजे माणूस, म्हैस आणि रान.

खरं सांगते, पहिली वीस पानं मला जड गेली. बोली माझ्या कानावरची नव्हती. मी एकदा पुस्तक बाजूलाही ठेवलं. मग एक युक्ती केली: मोठ्याने वाचलं. आणि मंडळी, दरवाजा उघडला! डोळ्यांना जी वाक्यं आडवी यायची, ती तोंडातून बरोबर निघायला लागली. तुम्हाला एखादं बोलीतलं पुस्तक जमत नसेल तर हे करून बघा. घरचे विचारतील काय झालंय हिला, विचारू देत.

यात मला धक्का कुठे बसला? मी समजत होते की विस्थापन म्हणजे घर जाणं. घराला घर मिळालं, जमिनीला जमीन मिळाली की हिशोब मिटला. आपल्याकडे तर तोही मिटत नाही. कोयनेचं धरण होऊन साठ वर्षं उलटली, तरी तिथल्या धरणग्रस्तांचे पुनर्वसनाचे प्रश्न अजून आंदोलनात दिसतात. पण या पुस्तकाचा मुद्दा त्याच्याही पुढचा आहे. देवाप्पाला जे येत होतं, म्हणजे रानाची वाट, जनावराचा स्वभाव, पावसाचा अंदाज, ते सगळं त्या जागेला बांधलेलं होतं. जागा बदलली आणि त्याच्या अंगातल्या शहाणपणाला गिऱ्हाईक उरलं नाही.

थोडी तक्रार: मधल्या भागात पाठलाग लांबतो. मला एक-दोन ठिकाणी वाटलं, हे मघाशीच वाचलं की. पण शेवटपर्यंत जा. अर्धवट सोडायचं पुस्तक नाही हे.

तीन: 'बलुतं'

इथपर्यंत माझं छान चाललं होतं. जुनी कामं गेली, किती वाईट झालं, पूर्वीची माणसं कशी हाताने काम करायची वगैरे. मग मी दया पवारांचं 'बलुतं' वाचलं आणि माझ्या उमाळ्यावर थंड पाणी पडलं. बरं झालं पडलं.

हे आत्मकथन १९७८ साली आलं. मराठीत दलित आत्मकथनांची जी मोठी वाट पुढे तयार झाली, ती या पुस्तकापासून. रचना बघण्यासारखी आहे. दया पवार हा शिकलेला, शहरात स्थिरावलेला लेखक, आणि त्याला भेटतो दगडू मारुती पवार. दगडू आपली गोष्ट सांगतो, हा ऐकतो. दोघं एकच माणूस! स्वतःचीच गोष्ट सांगायला त्याला दुसरा माणूस व्हावं लागतं. ही कल्पना मी दोन दिवस चघळत होते.

आता शब्द बघा. बलुतं म्हणजे गावातलं ठरलेलं काम करण्याबद्दल सुगीला मिळणारा धान्याचा वाटा. सुतार, लोहार, न्हावी, कुंभार, सगळे बलुतेदार. शाळेच्या पुस्तकात आपण हे "स्वयंपूर्ण खेडं" म्हणून वाचलं. चित्र कसं गोड असायचं. पण त्याच व्यवस्थेत महारांच्या वाट्याला काय होतं? मयताचा सांगावा घेऊन गावोगाव पळणं, मेलेलं जनावर ओढणं, सरकारी माणूस आला की त्याच्या सेवेला उभं राहणं. नाही म्हणायची सोय नाही. वेळ-काळ नाही. आणि मोबदला मागायला गेलं तर अपमान वेगळा. डॉ. आंबेडकरांनी १९२८ साली मुंबईच्या विधिमंडळात या वतनाचा कायदा बदलण्यासाठी विधेयक मांडलं होतं. त्यांना ते काम टिकवायचं नव्हतं. त्या कामातून माणसं सुटायला हवी होती.

म्हणजे बघा. विठू शिंप्याचं काम गेलं, त्याचं आपल्याला दुःख होतं. आणि दगडूच्या घराण्याला चिकटलेलं काम सुटायलाच हवं होतं. दोन्ही ठिकाणी "पिढीजात काम" हाच शब्द. तेव्हा "जुनं ते सोनं" म्हणायच्या आधी विचारायला पाहिजे, कुणाचं सोनं आणि कुणाच्या गळ्यातला फास?

पुस्तक वाचायला सोपं नाही. भाषेमुळे नव्हे, भाषा तर अगदी समोर बसून बोलल्यासारखी आहे. यात मुंबईतला कावाखाना आहे, तिथली गर्दी, भूक, नाती, लाज. दगडू स्वतःलाही सोडत नाही. आपल्या चुका, आपलं वागणं, सगळं उघडं करतो. मला काही पानं वाचवली नाहीत, थांबून मग पुढे गेले. यात मी तक्रार काय करणार? एकच सांगते, हे पुस्तक "स्फूर्ती घ्यायला" वाचू नका. त्यासाठी ते लिहिलेलं नाही.

चार: 'वामन परत न आला'

आता विषय पूर्ण बदलतो. जयंत नारळीकर! मे २०२५ मध्ये ते गेले, तेव्हा मला शरमेने आठवलं की त्यांचं मी फक्त पाठ्यपुस्तकातलं वाचलंय. त्यांचा एक किस्सा तुम्हाला आवडेल. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेला त्यांनी 'कृष्णविवर' ही कथा पाठवली, ती नारायण विनायक जगताप या नावाने. का? तर ज. वि. ना. उलटं केलं की ना. वि. ज. होतं. आपलं मोठं नाव बघून बक्षीस नको होतं. बक्षीस मिळालं, आणि मग नाव कळलं.

'वामन परत न आला' ही कादंबरी ऐंशीच्या दशकातली. खोल खोदकाम चालू असताना शास्त्रज्ञांना जमिनीखाली एका प्राचीन, आपल्याहून पुढे गेलेल्या संस्कृतीने ठेवलेली माहिती सापडते. ती उलगडून ते एक यंत्रमानव बनवतात, तो वामन. वामन हुशार, कामाचा, न थकणारा. आणि मग हळूहळू प्रश्न पडायला लागतो की आता ऐकायचं कुणी कुणाचं? त्या जुन्या संस्कृतीचं पुढे काय झालं, ते मी सांगणार नाही. स्पॉयलर दिला तर तुम्ही मला शिव्या द्याल.

नाव किती बरोबर आहे ना? पुराणातला वामन तीन पावलं जमीन मागतो, आणि बळीला वाटतं, एवढुसा तर आहे, देऊन टाकू. आपण आपल्या फोनला "बरं, हेही तू कर" असं रोज म्हणतो ना, तसंच. पंचवीस मिनिटांत पत्रिका झाली तेव्हा मीही एक पाऊल जमीन देऊनच आले होते.

माझं स्पष्ट मत: माणसं म्हणून यातली पात्रं लक्षात राहत नाहीत. काही ठिकाणी दोघं जण बोलतायत असं न वाटता वर्गात बसल्यासारखं वाटतं. बायका तर फारच मागे आहेत. पण प्रश्न पक्का आहे, आणि चाळीस वर्षांपूर्वी मराठीत विचारलेला आहे. आज एआयवर रोज चार रील येतात, त्यातल्या बऱ्याच जणांना हा प्रश्न इतक्या स्वच्छ शब्दांत मांडता येत नाही. सायन्स साइडची मुलं, तुम्ही हे वाचाच. आर्ट्सवाल्यांनो, तुम्ही तर आधी वाचा.

पाच: 'एक होता कार्व्हर'

वीणा गवाणकरांचं हे पुस्तक १९८१ मध्ये आलं आणि तेव्हापासून महाराष्ट्रात दर दुसऱ्या बक्षीस समारंभात कुणाला तरी मिळतं. मलाही आठवीत मिळालं होतं. वाचलं नव्हतं. जे पुस्तक सगळे "प्रेरणादायी" म्हणतात, त्यापासून मी लांब राहते. यावेळी वाचलं.

जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर. अमेरिकेत गुलाम आईच्या पोटी १८६४ च्या सुमारास जन्म. काळा मुलगा म्हणून शाळा-कॉलेजची दारं बंद होत गेली, तरी वनस्पतिशास्त्र शिकला. १८९६ साली बुकर टी. वॉशिंग्टन यांनी बोलावलं म्हणून अलाबामातल्या टस्कीगीच्या संस्थेत गेला, आणि मरेपर्यंत, म्हणजे १९४३ पर्यंत, तिथेच राहिला.

तिथली परिस्थिती काय, तर वर्षानुवर्षं कापूस आणि फक्त कापूस. जमीन निकस झालेली. वर बोंडांवर कीड. शेतकरी कर्जात. वऱ्हाडातल्या, मराठवाड्यातल्या मंडळींनो, ओळखीचं वाटतंय ना? कार्व्हर म्हणाले, पीक बदला. भुईमूग लावा, रताळी लावा, चवळी लावा. मातीला परत काहीतरी द्या. मग पिकलेल्या भुईमुगाचं करायचं काय? तर त्याच्या शेकडो उपयोगांच्या कृती त्यांनी तयार केल्या.

इथे एक सावधगिरी. तुम्हाला फॉरवर्ड येतो ना, की कार्व्हरनी पीनट बटर शोधलं? ते खरं नाही. आणि त्या शेकडो वस्तूंपैकी बाजारात फारशा चालल्याही नाहीत. पुस्तकातले कार्व्हर मला जरा जास्तच संत वाटले. चिडलेले, चुकलेले कार्व्हर मला भेटायला हवे होते. पण त्यांच्या आयुष्यातली एक गोष्ट मला शंभर वस्तूंपेक्षा मोठी वाटते. १९०६ साली टस्कीगीने एक घोडागाडी तयार केली. त्यात अवजारं, बियाणं, नमुने. ही गाडी शेतकऱ्यांच्या दारात जायची. जो माणूस शाळेत येऊ शकत नाही, त्याच्याकडे शाळा जायची.

आणि इथे माझं कोडं थोडं सुटलं. "काळानुसार बदला" हे आपण विठूला किती सहज सांगतो. बाबांनाही सगळ्यांनी सांगितलं, "आता नवीन शिका." सांगितलं सगळ्यांनी, शिकवायला कोण आलं? त्यांना काय येतं, हे विचारायला कोण आलं? मी तरी कुठे गेले होते. मी त्यांचीच मुलगी, सॉफ्टवेअर कळणारी, आणि पत्रिका करताना मी त्यांना एक फोनसुद्धा केला नाही.

तर माझं मत पाच पुस्तकांनंतर असं झालंय. कामं जाणार, काही जायलाच हवीत. पण ज्याच्या हातातून काम जातंय, त्याला कुणी विचारलं का, हा प्रश्न सोडता येत नाही. दगडूच्या वाडवडिलांना काम देताना विचारलं नाही. देवाप्पाला उठवताना विचारलं नाही. विठूला तर विचारणार तरी कोण, बाजाराला तोंडच नसतं.

कुठलं कुणी वाचावं, पटकन सांगते. वाचायची सवय मोडली असेल तर 'उसवण'. कान तयार असेल आणि थोडी चिकाटी असेल तर 'रिंगाण'. आजोबांच्या काळचं खेडं फार गोड वाटत असेल तर 'बलुतं', आणि ते शांतपणे वाचा. एआयची भीती वाटत असेल किंवा अजिबात वाटत नसेल तर 'वामन परत न आला'. आणि कपाटात बक्षिसाचं 'एक होता कार्व्हर' धूळ खात असेल, तर काढा बाहेर. पाचही पुस्तकं जवळच्या वाचनालयात विचारा. आमच्या इथल्या वाचनालयात मला तीन मिळाली, दोन विकत घेतली. पीडीएफ मागू नका, मी देणार नाही.

जाता जाता एक. गेल्या आठवड्यात मी गावी गेले होते, तेव्हा 'उसवण' बाबांना देऊन आले. त्यांनी दोन दिवसांत वाचली. फोन आला. मला वाटलं, आता विठूबद्दल काहीतरी बोलतील. म्हणाले, "चांगलंय पुस्तक." मग जरा थांबून म्हणाले, "तुझ्या त्या पत्रिकेत 'आशीर्वाद' शब्द बघितलास का परत?"

मी फोन चालू ठेवून ग्रुपवर मागे गेले. पत्रिका उघडली. 'आर्शिवाद'. रफार चुकीच्या जागी, वेलांटी चुकीची. त्या तयार नमुन्यातच तसं होतं, मी वाचलंच नव्हतं. सगळ्या पाव्हण्यांना तीच गेली.

म्हटलं, "बाबा, तुम्हाला कधी दिसलं?"

"पहिल्याच दिवशी."

"मग सांगितलं का नाही?"

म्हणाले, "मला कुठे कुणी विचारलं?"

चला मंडळी, पुढच्या भागात भेटू. तुम्ही काय वाचताय ते कळवा. आणि हो, हा मजकूर ब्लॉगवर वाचत असाल आणि शुद्धलेखन बरं वाटलं, तर त्याचं श्रेय बाबांना. या भागापासून तेच तपासणार आहेत. यावेळी मी विचारलं.